एरर मोठ्यानं वाच

मेहकरच्या नागसेन सरांच्या कम्प्युटर क्लासचा कायदाच वेगळा. सी भाषेतला प्रोग्राम लिहायचा, तो तपासणाऱ्या कंपायलरला द्यायचा आणि त्यानं काढलेल्या चुका सगळ्या वर्गाला ऐकू जातील अशा मोठ्यानं वाचायच्या. सर आपले खुर्चीत बसून ऐकायचे. स्क्रीनकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

"लाईन बारावर बोंबलून राह्यला? मंग अकरावर पाह्य. सेमीकोलन तिथं विसरली असशीन. याचं असंच असते, दुखते पोट अन् बडवते डोकं."

पोरगी अकरावी ओळ बघायची, तर खरंच सेमीकोलन गायब! कोणाच्या ढीगभर चुका निघाल्या की सर हसायचे. "घाबरतं काऊन बे? पहिली तेवढी दुरुस्त कर. बाकीची तिचीच पिल्लं हायेत."

न बघता चूक धरणारा मास्तर म्हणून गावभर बोलबाला. हिवरा आश्रम गावाहून पोरं एसटीनं यायची त्यांच्याकडे. अहो, कसला बोलबाला अन् काय! माणसाला दिसतच नव्हतं. शुगरनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खाल्ले होते, उजेड तेवढा कळायचा. हे ठाऊक होतं एकट्या सुचिताला, त्यांच्या बायकोला. पोरं यायच्या आधी ती त्यांना हात धरून क्लासात आणून बसवायची आणि पोरं गेली की न्यायला यायची. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, लय जीव लावते बापा नवऱ्याले! ती हसून पुढं जायची. घरी मात्र तिचा जीव तुटायचा.

"सांगून टाका ना हो आता. किती दिवस लपवसान?"

"आंधळ्याच्या हाती कोणी पोरगं देते काय, सुचिता? क्लास गेला तर मी काय करू? दिवसभर घरात बसून भिंतीकडं पाहू? ते बी दिसत नाही मले."

हे लपवणं चूकच होतं, मान्य. पण राग यावा असा तो माणूस नव्हता हो.

त्या दुपारी महामाया नावाच्या पोरीनं एरर वाचली आणि सर खुशीत उठले. एकेक खुर्चीची पाठ चाचपत तिच्यापाशी गेले. जाताना पायात वायर अडकली, मॉनिटरची पिन निसटली आणि स्क्रीन बंद पडला. टेबलाखालचा सीपीयूचा डबा आणि वरचा पंखा मात्र घरघरतच होते. सरांना काय कळणार? त्यांनी दिमाखात स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे पाह्य. लूप संपला, अन् महिरपी कंस बंदच नाही केला तू. दिसते ना?"

समोर काळाठिक्कर काच. महामाया त्या बोटाकडे बघत राहिली, मग सरांच्या डोळ्यांकडे. इतके दिवस आपण मोठ्यानं का वाचत होतो, ते तिला आत्ता कळलं.

"हो सर. दिसते."

"मंग लाव कंस, अन् चालव."

"लावला सर. चालला प्रोग्राम. उत्तर बी बरोबर आलं."

सरांचं बोट काचेवरच राहिलं. डोळे गेले होते, कान तर शाबूत होते! कीबोर्डची एक कळ वाजली नव्हती.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "स्क्रीन बंद हाय काय?"

तिला रडू फुटलं. "हो सर."

कोणी हसलं नाही. सर शेजारच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कोणीतरी आमच्या घरी फोन लावा बापा. मले घरी न्यायले ये म्हणा सुचिताले."

महामायानं फोन लावला. पोरं सगळी वर्गातच होती, क्लास सुटायला अजून तासभर होता.