आईच्या 'ग'चा 'घ' झाला तेव्हा

आईच्या गळ्याला डावीकडे गाठ आहे, हे आधी बाबांच्या लक्षात आलं. चिखलोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती मान वर करून दोरीवर कपडे वाळत घालत होती. बाबांनी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "असेल काहीतरी." ते काहीतरी थायरॉईड निघालं. सुईची तपासणी झाली. कॅन्सर नव्हता, पण गाठ वाढत होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, "डावी बाजू काढून टाकू. शाळेला मे महिन्याची सुट्टी आहे ना? मग तेव्हाच उरकू."

आई अंबरनाथच्या एका मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. मी एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलं होतं, आणि त्या सहामाहीत आम्हाला ध्वनिविज्ञान होतं. आवाज कसा तयार होतो, हे मी रोज शिकत होते. फुप्फुसातून हवा वर येते. गळ्यातल्या स्वरयंत्रात स्वरतंतूंच्या दोन घड्या एकमेकींना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. सेकंदात शेकडो वेळा. त्याचा आवाज होतो, मग जीभ आणि ओठ त्याची अक्षरं करतात.

त्या घड्या हलवणारी नस थायरॉईडच्या अगदी मागून जाते, हेही मला त्याच पुस्तकात कळलं. डावीकडची नस तर सरळ गळ्यात येतच नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. परीक्षेसाठी मी ती आकृती चार वेळा काढली होती. आता ती डोळे मिटले की दिसायची.

डॉक्टरांना मी विचारलं, "आवाजाच्या नसेला धक्का लागला तर?"

ते म्हणाले, "क्वचित होतं. बहुतेक वेळा परत येतो आवाज." मग आईकडे बघून हसले. "मुलगी डॉक्टर आहे का?"

"नाही हो," आई म्हणाली. "ती ग म भ न शिकते. या वयात."

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी कॉलेजच्या प्रोजेक्टचं निमित्त करून मी आईचा आवाज रेकॉर्ड केला. प्रोजेक्ट वगैरे काही नव्हतं. ती पंखा बंद करून बसली आणि तिने मी दिलेले शब्द वाचले. मग विचारलं, "अजून काय बोलू?" मी म्हटलं, "काहीही." तिने शेपूची भाजी कशी करायची ते सांगितलं. मी मान खाली घालून लॅपटॉपवर हलणारी रेघ बघत राहिले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खाटेवर एक सिंधी आंटी होत्या. त्यांच्या सुनेची कपड्यांची दुकानं होती, त्यामुळे दिवसभर भेटायला माणसं. आईला आत नेलं तेव्हा बाबा खाली औषधं आणायला गेले होते, आणि मी एकटीच खुर्चीवर. आंटींनी मला बिस्किट दिलं आणि विचारलं, "मम्मी को कितने बच्चे?"

"मैं अकेली."

"मेरेको दो," त्या म्हणाल्या, आणि तेच त्यांनी नातेवाइकांना सिंधीत सांगितलं. सिंधीत दोनला 'ब' म्हणतात; तो 'ब' मी चमकून ऐकला. वर्गात हा आवाज आम्हाला शिकवला होता. स्वरयंत्र खाली सरकतं आणि ओठ उघडताना हवा किंचित आत ओढली जाते. मला तो कधी जमला नव्हता. आंटींनी हसत मला 'बार' म्हणायला लावलं, म्हणजे मूल. मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ये तो वजनवाला बार हो गया, बच्चावाला नहीं." चार वेळा म्हटलं, चारही वेळा वजनच. ऑपरेशन चालू असताना तेवढाच वेळ मी दाराकडे बघत नव्हते.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली. गळ्याला पट्टी होती. तिने हळूच विचारलं, "बाबा जेवले का?"

तीनच शब्द, पण त्यातला प्रत्येक स्वर हवेत भिजलेला होता. नर्स म्हणाली, घशात नळी घातली होती, दोन दिवस असं राहणारच. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही मान डोलावली.

दोन दिवसांचे वीस झाले. आईचा आवाज दमलेल्या माणसासारखा यायचा. वाक्य अर्ध्यावर आलं की श्वास संपायचा. पाणी पिताना ठसका लागायचा. मी गुपचूप मोबाईलवर तिचं बोलणं टिपून घेतलं आणि लॅपटॉपवर त्याचं ध्वनिचित्र आधीच्या रेकॉर्डिंगच्या चित्राशेजारी लावलं. आधीच्या चित्रात स्वच्छ आडव्या पट्ट्या होत्या. आताच्या चित्रात पट्ट्यांच्या मधल्या जागा करड्या धुक्याने भरल्या होत्या. घड्या मिटत नव्हत्या. फट राहत होती, आणि तिच्यातून हवा गळत होती.

"काय गं, सुधारतोय ना?" तिने विचारलं.

"सुधारतोय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की महिन्यात आवाज भरला नाही तर दाखवायला या. मी बाबांना त्याची आठवण करून दिली नाही. दुर्बिणीने बघतील, नस गेली म्हणतील, असं वाटायचं. जोपर्यंत कोणी बघत नव्हतं, तोपर्यंत ती गेलेली नव्हती. शिकल्या-सवरल्या माणसाने असं वागावं, याची मला अजूनही लाज वाटते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आई कामावर गेली. जुलैतल्या एका शनिवारी ती दुपारी घरी आली ती वह्यांचा गठ्ठा घेऊन. चप्पल काढून सरळ माझ्या खोलीत आली. गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यात वरची वही उघडली.

दरवर्षी ती मुलांना जोडीजोडीने शब्द तोंडी सांगून लिहायला लावायची. गडी, घडी. दार, धार. बाजी, भाजी. त्यातून मुलांचे कान तयार होतात, असं तिचं म्हणणं. वहीत लिहिलं होतं: घडी, घडी. धार, धार. भाजी, भाजी. दुसरी वहीही तशीच. तिसरीत एका मुलाने खोडून खोडून कागद फाडला होता.

"एक मुलगी उभी राहिली," आई म्हणाली. "म्हणाली, बाई, तुम्ही दोन्ही वेळा एकच शब्द सांगता. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मग मी फळ्यावर लिहून दिलं." ती थांबली, श्वास घेतला. "तीस वर्षं शिकवतेय मी. मला वाटत होतं मी 'ग'च म्हणतेय."

मी वरची वही मिटली.

"तुला कळत होतं?"

'घ' म्हणताना स्वरतंतू एकमेकांपासून किंचित लांब राहतात आणि त्यांच्यातून जास्तीची हवा सुटते. आईचे तंतू कायमच लांब राहत होते. म्हणून तिचा प्रत्येक 'ग' 'घ'कडे झुकत होता. हे मला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं.

"हो," मी म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटत होती."

"आणि मला वाटत नव्हती?" ती ओरडायला गेली, पण नुसता वारा आला. ती खाटेवर बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले, हात धरला, तेव्हा तिने तो झटकला. मग म्हणाली, "सोमवारी रजा टाकते. तू येशील बरोबर. आणि डॉक्टर काय म्हणतात ते सगळं मला सांगशील. तुझ्यापुरतं ठेवायचं नाही."

सोमवारी आम्ही शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेलो. नाकातून दुर्बीण घातली. पडद्यावर मी पहिल्यांदा जिवंत स्वरतंतू पाहिले, तेही माझ्या आईचे. डॉक्टरांनी तिला "ई" म्हणायला लावलं. उजवी घडी झटकन मधे आली. डावी जागीच पडून होती. मग तिच्या टोकाशी बारीकशी हालचाल झाली.

"दिसलं?" डॉक्टर म्हणाले. "नस तुटलेली नाही. झोपलीय. आधी यायला हवं होतं, व्यायाम लवकर सुरू झाले असते."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा मला आधार वाटला.

मग रोज सकाळी पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून ती आवाजासकट बुडबुडे काढू लागली. बाबा पेपर वाचताना हसायचे, मग तेही एक स्ट्रॉ घेऊन बसायला लागले. शाळेत तिने कमरेला बांधायचा छोटा माईक घेतला. सप्टेंबरमध्ये ठसका थांबला. तोवर मी कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला गेले होते. दिवाळीच्या सुट्टीआधी एका शुक्रवारी तिने पुन्हा त्याच जोड्या दिल्या आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं, "चौतीसपैकी एकोणतीस बरोबर. बाकीचे पाच नेहमीचेच ढ."

वरचे सूर मात्र आले नाहीत. शाळेत प्रार्थना आता दुसऱ्या बाई सुरू करतात. आई म्हणते, तिला काही फरक पडत नाही. ते खरं आहे की नाही, मला कळत नाही. मी अजून तिच्या फोनवरच्या 'हॅलो'त गळती शोधते, आणि तिला ते कळतं. "झालं का ऐकून?" ती विचारते. "आता सांग, जेवलीस का?"