दादाचं उत्तर यायला वेळ लागायचा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, घरी मेथी निवडत बसले होते. "वन्सं, ह्यांनी अजून उत्तर दिलं न्हाई," एवढंच म्हणाल्या... मला वाटलं, झालं असेल काहीतरी नेहमीचं. पलूसला त्यांच्या घरी पोचले तर अंगणात माणसं जमलेली.

माझा थोरला भाऊ, दादा, माण तालुक्यातल्या माळावरच्या उपग्रह केंद्रात नोकरीला होता. जिथं तारा पोचल्या नव्हत्या तिथले फोन त्या भल्यामोठ्या तबकडीतून आभाळात जायचे नि तिकडून परत खाली यायचे. सरहद्दीवरच्या पोराशी त्याच्या आईला बोलायला देताना दादा आधी बजावायचा, "बोललं की जरा थांबायचं, आवाज आभाळात जाऊन येतोय. लगीच बोललासा तर दोघांचं एकमेकावर आदळतंय." आयाच त्या, थांबतायत कुठल्या! दादाच्या मात्र ते अंगात मुरलं. घरीसुद्धा काही विचारलं की क्षणभर वर बघायचा, मग उत्तर. वहिनी वैतागायच्या, "आवं, मी हितं गॅसम्होरं हाय, आभाळात न्हाई!" आम्ही पोट धरून हसायचो.

पुढे जमिनीखालून केबल आल्या नि केंद्र बंद पडलं. सामान भंगारात निघालं तेव्हा दादाने तिथला काळा फोन मागून आणला, तुटक्या वायरीसकट. रोज दिवेलागणीला तो कानाला लावून म्हणायचा, "ऐकू येतंय का?" थांबायचा... आणि मान हलवायचा. कुणाला, ते कधी सांगितलं नाही. त्या खोलीत एकटं जायला मला नको वाटायचं.

दादा गेला त्या दिवशी वहिनींनी त्याला विचारलं होतं, "तुमच्यामागं मी सांगलीला वन्संकडं जाऊ, का हितंच राहू?" त्याने वर पाहिलं. त्या सवयीने थांबल्या. थांबूनच राहिल्या.

महिना उलटला. वहिनींना मधूनच चक्कर येते, त्यांना एकटं ठेवायचं कसं? सांगलीला न्यायला मी त्यांची पिशवी भरूनच टाकली. दिवेलागण झाली तशा त्या फोनकडे गेल्या, "वन्संकडं जाऊ, का हितंच राहू?" तोच प्रश्न विचारला आणि फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. माझा जीव तुटला, रागही आला. मी त्यांच्या हातातून फोन घेतला नि कानाला लावला. मुका! "काही नाही हो यात," म्हणत खाली ठेवला.

वहिनींनी क्षणभर वर पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "लगीच ठेवलासा, वन्सं. जरा थांबावं लागतंय."

पिशवी अजून दारामागंच आहे. मीही अजून पलूसलाच आहे. संध्याकाळी त्या फोन उचलतात, तेव्हा आता मी मध्ये बोलत नाही...