गाठ मारली की मारली

आमचे बाबा कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. एक दिवस त्यांना ताण्याचे उभे धागे मधेच वाकडे दिसायला लागले, तर या माणसाने काय करावं? लूमच खोलला! मग शेजारचा खोलला. शेठ ओरडला तेव्हा कुठे कळलं, वाकडेपणा डोळ्यात आहे. डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. उरला होता तो हा एकच.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतायत. नवीन इंजेक्शन आलंय, अ‍ॅप्टामरचं. "प्रयोगशाळेत केलेला अगदी बारीक धागा समजा. तो दुमडतो आणि त्या वाहिन्या वाढवणाऱ्या द्रव्याला धरून ठेवतो. गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण आहे ती टिकवू."

"म्हंजे गाठ मारनार," बाबा म्हणाले.

बाई हसल्या. "तसंच समजा. पण दर दीड महिन्याने यायचं."

थेंब घालून डोळा बधिर केला. सुई आत गेली तरी बाबा हलले नाहीत, असं बाईंनी नंतर सांगितलं. बाहेर बाकावर मला भीती वाटत नव्हती, रडूही येत नव्हतं. ते थेंब मलाच घातल्यासारखी मी बसून होते.

दीड महिन्याने मी ठाण्याला निघायच्या तयारीत, तर बाबा चपला घालून ड्युटीला चाललेले.

"गाठ मारली की मारली. बाईंचा हात पक्का हाय."

"अहो बाबा, तो धागा आत विरघळतो!"

"धागा कधी विरघळतो काय? येडी कुठली!"

असला संताप आला मला! भांडले, आदळआपट केली, जेवले नाही. एवढा अडाणीपणा करायचा, तोही उरल्यासुरल्या डोळ्याशी? ते हसत शिफ्टला गेले. पुढच्या खेपेलाही तेच. मग मी बोलायचंच सोडलं.

पुढे एका दुपारी ते भिंतीला हात लावत घरी आले. मी दारातच उभी होते.

"कोन हाय?"

"मी आहे, बाबा."

त्यांनी मान तिरकी केली, परत सरळ केली. "तुझ्या कानातले दिसतात गं. तोंड कुठं गेलं?"

राग यायला हवा होता, आला नाही. त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि चहा ठेवला.

कप हातात दिला तेव्हा बाबा म्हणाले, "गाठ सुटली वाटतं. बाईंना सांग, परत मारा म्हनावं."