आमचे साडू आणि पानातली बुरशी

आमच्या साडूंइतक्या अदबीने बुरशीशी वागणारा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. माणसांशी ते जेमतेमच बोलतात. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, म्हणते, "मला बुरशी आली असती तर यांनी रोज विचारपूस केली असती." साडू एका सरकारी प्रयोगशाळेत आहेत. झाडाच्या पानात, झाडाला काहीही त्रास न देता, बुरशी राहते आणि तिच्यातून नवं अँटिबायोटिक मिळू शकतं, या एका गोष्टीवर त्यांचं सगळं चाललेलं असतं. पानिपतला भाचीच्या लग्नात त्यांनी तोरणाची पानं इतकी खुडली की वऱ्हाड येईपर्यंत दारावर नुसती सुतळी उरली. मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या जवानाने त्यांची पानांची पिशवी उघडायला लावली.

"ये क्या है?"

"फफूंद," साडूंनी बुरशीचं हिंदी नाव सांगितलं.

"दिख तो नहीं रही."

"पत्ते के अंदर रहती है जी."

जवानाने एक पान उजेडात धरलं. "अंदर करती क्या है?"

हा प्रश्न साडूंना घरात आजवर कुणी विचारला नव्हता. ते समजावत बसले आणि मागची रांग रस्त्यापर्यंत गेली.

एकदा मात्र जिन्यातल्या सदाफुलीच्या पानातून काढलेल्या बुरशीने काचेच्या बशीत कमाल केली. तिच्याभोवती जंतू फिरकेचनात. साडूंनी आम्हाला श्रीखंड-पुरीला बोलावून मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. माझ्या बायकोने सवयीने विचारलं, "कुणावर गेलीय?"

पुढे काही महिन्यांत बुरशीने काम बंद केलं. झाडापासून लांब ठेवलं की अशा बुरश्या पुष्कळदा सुस्तावतात म्हणे. साडूंनी तिच्यासाठी सदाफुलीच्या पानांचा काढा केला. ती ढिम्म. पुन्हा नवी पानं आणायला गेले, तर सोसायटीने जिन्याच्या रंगकामात सदाफुलीची कुंडीच फेकून दिलेली. "यार, झाडच गेलं. दुसऱ्या सदाफुलीत ती असेलच असं नाही," एवढं बोलून ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. आम्ही पोटभर हसलो.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. पहिलं अँटिबायोटिक लागू पडलं नाही, दुसरंही नाही. तिसऱ्याने ताप उतरला. बायकोने वॉर्डभर पेढे वाटले, पण साडू दिसेनात. खाली आलो तर हॉस्पिटलच्या आवारात कण्हेरीपाशी उभे.

"अहो, चला वर. आई तुम्हाला विचारताहेत."

"येतो," ते म्हणाले. "डॉक्टरांना विचारलं मी. या तिसऱ्याच्या पुढचं औषध त्यांच्याकडे नव्हतंच."

वरच्या फांदीला त्यांचा हात पोचत नव्हता. मी टाचा उंचावून ती खाली ओढली आणि त्यांची पानं खुडून होईपर्यंत तशीच धरून ठेवली.