मालिशवाली विहीण

नवऱ्याच्या कमाईत भागेना, म्हणून मी बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायचं काम धरलं; तो गेल्यावर तेच चालू ठेवलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार होतं?

जबलपूरच्या आमच्या मराठी लोकांत माणसाची किंमत एकाच प्रश्नावर ठरे: फॅक्टरीत आहे का? त्या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात तो पेट्या उचलतो की झाडू मारतो, कोणी विचारत नसे. फॅक्टरीवाल्याला पंगतीत पाट मिळे. मला बारशाला बोलवत, बाळ न्हाऊ घालून घेत आणि ताट अंगणात आणून देत.

माझ्या मुलीला फॅक्टरीतल्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा तिच्या मनात भरला होता, म्हणून मी तोंड आवरून होते. बोलणी पक्की करायला त्याची आई आमच्या दीक्षितपुऱ्याच्या खोलीवर आली. याच मुलाच्या बाळंतपणात तिला सव्वा महिना मीच चोळलं होतं.

चहा पिता पिता ती म्हणाली, "दीदी, मुलगी पसंत आहे. फक्त लोकांना सांगू, की तुम्ही नर्स होत्या."

"मी कुठली नर्स? सुई पाहिली की मला घेरी येते."

"अच्छा, मग हे काम तरी सोडा. मालिशवाली विहीण कशी दिसते, तुम्हीच सांगा."

"तुमच्या पोराचं डोकं कसं दिसते? वाकडं होतं, मालिशवालीनंच गोल केलं."

ती हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "मोठ्या सुनेचे दिवस भरून राहिले. तिच्या मालिशला मात्र तुम्हीच या, दुसरीचा हात मला चालत नाही. मागच्या गल्लीतून या, म्हणजे झालं."

मोरीत तुंबलेले केस काढताना येते तशी शिसारी मला आली. तरी लग्न मुलीचं होतं. स्टोव्हजवळ बसलेल्या मुलीकडे मी पाहिलं.

ती उठली आणि बाईच्या हातातला अर्धा कप काढून घेतला. "काकू, आई येणार नाही. मीही नाही."

नंतर दीर मला म्हणाले, "नर्स म्हणायला काय जात होतं?" ते कचेरीत साहेबांना पाणी देतात आणि लोकांना 'सेंट्रल गव्हर्नमेंट' सांगतात. मुलगी काही दिवस धड जेवली नाही. मी समजूत घातली नाही.

पुढे त्या घरून निरोप आला, मोठ्या सुनेचं बाळ रडून राहिलं, लवकर या. मी ओमती मोहल्ल्यात दुसऱ्या एका बाळाला तेल लावत होते. मी हातसुद्धा पुसले नाहीत; त्याच बाळाचे पाय चोळत राहिले.