टाकीवरची बाई

मुलांनो, आपण ज्या इंटरनेटवर रोज बोलतो ते शहरातल्या कंपनीचं, असं तुम्ही ऑनलाइन ज्ञानकोशात वाचलं होतंत, म्हणून हे लिहिते. ते आपल्या गावानेच उभारलं आहे. मी तो लेख दुरुस्त केला, पण पुरावा नाही म्हणून दुरुस्ती काढली गेली.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं, तेव्हाच नेट बंद ठेवून अँटेना दुरुस्त करतात. मी पुराव्यासाठी फोटो काढायला गेले. पाण्याच्या टाकीवर अँटेना दुरुस्त करणारी एक अनोळखी बाई होती, पदर खोचलेला, दातांत पक्कड.

"लेखात तुझं नाव घालते गं!" मी खालून ओरडले.

पक्कड हातात घेऊन ती हसली. "नगं आज्जी! नेट गेलं की समदे मलाच शिव्या देतील. गावानं केलंय, गावाचंच लिवा."

मग फोटोऐवजी वर्तमानपत्रात सापडलेल्या एका जुन्या बातमीचा संदर्भ जोडून मी तसंच लिहिलं. 'गावकऱ्यांनी उभारलेली सेवा' हे शब्द त्या लेखात आजही आहेत.