अल्बममधून राहिलेली सनई

माझ्या शहाणपणापासून सुरुवात केलेली बरी, कारण या गोष्टीत ते पावलोपावली नडलं आहे. ‘गाळपेर’ सिनेमा आला तेव्हा त्याच्या संगीतावर तावातावानं भांडणारा आमचा पन्नासेक जणांचा ग्रुप होता. सिनेमा धरणात गेलेल्या एका गावाचा. शेवटची तीन मिनिटं कोणी बोलत नाही. पाणी देवळाच्या पायऱ्या चढत येतं आणि मागं एकटी सनई वाजते. अल्बम आला तर त्यात पाच गाणी, त्यातली दोन सिनेमात नाहीतच, आणि सनईचा पत्ता नाही. जो तो पेटला. कोणी म्हणे, म्युझिक कंपनीला वरातीत वाजतील अशीच गाणी हवी असतात. कोणी म्हणे, संगीतकारालाच आपल्या कामाची कदर नाही. निगडीची ऋचा म्हणाली, कटाच्या आमटीशिवाय पुरणपोळी वाढल्यासारखा अल्बम आहे. मग मी सगळ्यांना गप्प करायला लिहिलं, ‘आता या निमिषचं मत ऐका. ही सनई माणसानं वाजवलेलीच नाही, कॉम्प्युटरची आहे. एवढा दम माणसाला पुरत नाही.’ बत्तीस जणांनी लाइक दिला. मी दिवसभर खुशीत होतो.

ती सनई वाजवणारा माणूस माझ्याच कंपनीत होता. चाकणला, माझ्या क्वालिटीच्या टेबलापासून दोनशे पावलांवर, सात नंबरच्या प्रेसवर.

उद्धवरावांना मी तोंडओळखीनं ओळखत होतो. पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. प्रेस शॉपमध्ये कोणीच फार बोलत नाही म्हणा. पत्रा दाबला जातो तेव्हा जमीन हादरते आणि सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. दोन बोटं म्हणजे पार्ट संपले, मूठ म्हणजे साहेब आला. एके दिवशी कँटीनमध्ये मी मोबाइलवर तोच शेवटचा प्रसंग लावून बसलो होतो. उद्धवराव ताट घेऊन चालले होते, ते मागं थबकले. आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, हे मला नंतर कळलं. त्यांनी चित्र पाहिलं होतं.

“हे आमचं देऊळ,” ते म्हणाले.

“काका, हा सिनेमा आहे.”

“व्हय, सिनेमाच. पाणी खोटं, देऊळ खरं. मी वाजवलंय त्याच्यात.”

मला हसू आलं. मग त्यांनी सांगितलं तेव्हा ते विरलं. उद्धवराव धाराशिवकडच्या खेड्यातले गुरव. देवळात दोन्ही वेळची सनई त्यांच्या घराकडे. वडील गेल्यावर देवळावर पोट भरेना, म्हणून वीस वर्षांपूर्वी चाकणला आले आणि प्रेसवर लागले. चैत्रात जत्रेला मात्र सुट्टी काढून जायचे आणि पाच दिवस वाजवायचे. चार वर्षांपूर्वी अशाच एका जत्रेत शूटिंगवाले आले होते. त्यांच्या माणसानं सभामंडपात माइक लावला, तीनदा वाजवून घेतलं, शाल-नारळ दिला. पडद्यावर नाव आलं नाही. ‘स्थानिक कलाकार’ एवढंच आलं, आणि त्यात बैलगाडीवालेही होते.

मी त्यांना शेवटचा सूर विचारला. इतका लांब कसा धरला?

“धरला कुठं? सुटला तो. वडलांच्या जागी बसून वाजवत होतो, एकदम भरून आलं. सूर वरच ठेवायचा होता, पर खाली घसरला. मी म्हणालो, परत घेऊ. ते म्हणाले, नको, हेच पायजे.”

त्या रात्री मी ग्रुपवर माफी मागितली. माफी मागण्यात मी कधी मागे नसतो. ती मागितल्यावर आणखी शहाणं दिसता येतं.

यानंतर मी वरचेवर त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. चाकण-तळेगाव रस्त्याच्या आत दोन खोल्या, पत्नी सुमनताई, मुलगी विजयश्री. सनई कपाटात, मऊ फडक्यात गुंडाळलेली. ती तीन वर्षांत बाहेर निघाली नव्हती. कारण सुमनताईंनी सांगितलं. कुठल्याशा लग्नात वाजवताना ते बेसूर झाले आणि त्यांना ते कळलंच नाही. मागं सूर धरणाऱ्या चुलतभावानंच शेवटी गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं. मांडवातली माणसं हसली.

प्रेसनं कान खाल्ले होते. आणि कागदावर ते ठणठणीत होते! दरवर्षी कंपनीत कान तपासणारी व्हॅन येते. आत बसायचं, हेडफोन लावायचा, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. ज्याचे कान अधू निघतात त्याला प्रेसवरून काढतात आणि मग कंत्राट पुढे चालू राहत नाही, असं सगळे धरून चालतात. व्हॅनमधली मुलगी कंटाळलेली असायची आणि ठरावीक अंतरानं आवाज सोडायची. ते अंतर उद्धवरावांनी पहिल्याच वर्षी मात्रांत मोजून घेतलं. ऐकू येवो न येवो, सातव्या मात्रेला बटण. पुढे अख्ख्या लाइनला त्यांनी मांडीवर बोटं आपटून मोजायला शिकवलं. पोरं त्यांना गुरुजी म्हणायची. एवढा चांगला गुरू आणि शिकवलं काय, तर बहिरेपण लपवायला. मला याचा संताप यायचा, पण मी ऑफिसातला माणूस; माझं कंत्राट नव्हतं.

विजयश्रीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, मोशीच्या एका कार्यालयात. तिनं वडिलांकडे एकच मागितलं होतं. अंतरपाट धरला की तुम्ही वाजवायचं.

“मला लई वाटतंय वाजवावं,” उद्धवराव मला म्हणाले. “पर लेकीच्या मांडवात बेसूर झालो तर? कान किती ऱ्हायलेत तेच कळंना. माझं ते वाजवलेलं एकदा नीट ऐकायला मिळू द्या. एकेक जागा मला पाठ हाय. जिथं जे वाजवलं ते तिथं ऐकू आलं, तर कान अजून कामाचे हायत. मग मी वाजवीन. न्हाई आलं, तर तो विषय संपला.”

सिनेमातलं ऐकवून उपयोग नव्हता. तिथं सनईवर पाण्याचा आवाज चढवलेला. आमच्या ग्रुपमधल्या हुशारांनी तो काढून पाहिला, तर पाण्याबरोबर निम्मी सनईही वाहून गेली. हवा होता तो अल्बममध्ये नसलेला तुकडा, स्वच्छ.

मग आम्ही अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या मागे लागलो. प्रत्येक गाण्याखाली लिहायचो, ‘राहिलेलं संगीत द्या.’ काही जण वैतागले. एकानं लिहिलं, तीन मिनिटांच्या पिपाणीसाठी किती रडता! दुसरा म्हणाला, न मिळण्यातच मजा आहे, मिळालं की कोणी ऐकणार नाही. पण ऋचा आणि मी हटलो नाही. उद्धवरावांची गोष्ट मी लिहिली, ती खूप फिरली. चार महिन्यांनी कंपनीनं जाहीर केलं, ‘गाळपेर: संपूर्ण अल्बम, रसिकांच्या आग्रहास्तव.’ लग्नाला नऊ दिवस राहिले होते.

अल्बम आला त्या सकाळी मी चिंचवडहून कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो. शेवटचा तुकडा लावला आणि अर्ध्या मिनिटात मागं नेऊन पुन्हा लावला. सूर स्वच्छ होते, गुळगुळीत होते, आणि त्यात श्वास घ्यायची जागाच नव्हती. शेवटचा सूर वर गेला आणि वरच राहिला. ग्रुपवर जल्लोष चालला होता. ‘अखेर न्याय!’ ‘अंगावर काटा आला.’ एकदोघांनीच लिहिलं की काहीतरी वेगळं वाटतंय, तर बाकीचे त्यांच्या अंगावर गेले. ऋचानं ओळखीतून रेकॉर्डिंगच्या माणसाला विचारलं. त्याचं उत्तर दुपारी आलं. मूळ फाइल सापडली नाही, घाई होती, कीबोर्डवर नवीन करून टाकलं.

म्हणजे जे मी वर्षापूर्वी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ते आता खरं झालं होतं.

हे जाऊन सांगायला हवं होतं, एवढंच. पण उद्धवरावांना कंपनीतल्या पोरांनी बातमी आधीच दिली होती. प्रेसवर सगळे त्यांच्याकडे बघून हवेत सनई वाजवून दाखवत होते. त्यांचा चेहरा मी कधी इतका उजळलेला पाहिला नव्हता. मी मनाशी ठरवलं, म्हाताऱ्याला फरक थोडाच कळणार आहे? आपलं समजून ऐकेल, धीर येईल, लेकीच्या लग्नात वाजवेल. काय बिघडतं?

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी माझा चांगला हेडफोन घेऊन गेलो. सुमनताईंनी चहा ठेवला. उद्धवराव आंघोळ करून, टोपी घालून बसले होते. मी आवाज पूर्ण मोठा केला. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं मांडीवर चालायला लागली, भोकांवर चालावीत तशी. थोडा वेळ बरं चाललं. मग बोटं अडखळली. पुन्हा लागली, पुन्हा अडखळली. शेवटी त्यांची बोटं खाली उतरली आणि थांबली, आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“इथं मी खाली आलो होतो,” ते म्हणाले. “हे वर जातंय.”

मी हेडफोनची पिन उगाच काढून पुन्हा घातली.

“पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच थांबले.

“हे माझंच हाय ना, निमिष साहेब?”

“तुमचंच आहे, काका,” मी म्हणालो.

त्या खोलीत त्या क्षणी त्यांचे कान शंभर टक्के बरोबर होते. प्रेसनं वीस वर्षं ठोकूनही त्यांना जे कळत होतं, ते ग्रुपमधल्या निम्म्या रसिकांना कळलं नव्हतं. मला हे कळत होतं आणि तरी माझ्या तोंडून तेच निघालं. बोललेलं लगेच मागं घेता आलं असतं. मी चहा प्यायलो.

“मग कान गेले,” त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात नीट दिला. “रेकॉर्डिंग कशापायी खोटं बोलंल?”

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी सनई गावी न्यायला चुलतभावाच्या हवाली केली. देवळात ठेवा म्हणाले, कोणी शिकणारा निघाला तर द्या. विजयश्री रुसली, रडली. त्यांनी तिला सांगितलं की बाळा, आता मला माझंच ओळखू येत नाही. हे सगळं माझ्या कानावर आलं. त्या गुरुवारपासून मी रोज ठरवायचो, आज सांगू. आता सांगितलं तर ते मला काय म्हणतील, याचीच भीती मोठी होत गेली.

मोशीच्या कार्यालयात अक्षता घेऊन मीही उभा होतो. अंतरपाट धरला गेला तेव्हा जावयानं, भला पोरगा बिचारा, सासऱ्याला मान म्हणून स्पीकरवर अल्बममधला तोच तुकडा लावायला सांगितला. भटजींनी माइकवर घोषणाही केली, वधूपित्यानं वाजवलेली सनई! लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेटा बांधलेले उद्धवराव स्पीकरखाली उभे होते. माणसं येऊन त्यांचा हात हातात घेत होती आणि ते प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते.

आमच्याकडे मुलीची आई अक्षता पडताना समोर थांबत नाही, तुळशीला पाणी घालायला जाते. मी दाराशी होतो. सुमनताई तांब्या घेऊन माझ्या बाजूनं निघाल्या आणि थांबल्या. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी ती सनई ऐकली होती.

“हे त्यांचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला आत्ता ऐकल्या ऐकल्या कळलं. तुमाला त्या दिवशी बी म्हाईत होतं ना?”

मी बाजूला सरून त्यांना वाट करून दिली. त्या पदर सावरून तुळशीकडे गेल्या. स्पीकरवर सूर वर चढला, वरच राहिला, आणि माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच होत्या.